सगळ्यांच्या मागं कोण?

रविवारी सकाळी सहाला पोवई नाक्यावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याजवळ पंधरा-वीस सायकली जमतात. कुणाची सत्तर हजारांची, कुणाची मुलाने दहावीनंतर टाकून दिलेली, एक-दोन तर दूधवाल्यांच्या असतात तशा काळ्या, उंच दांडीच्या. हवा तपासली जाते, हेल्मेटचे पट्टे आवळले जातात. मग निघण्याआधी आमचे काका मोठ्याने विचारतात, ‘‘सगळ्यांच्या मागं कोण?’’

काका एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. वय त्रेसष्ट. कास-बामणोली रस्त्यावर त्यांनी इतकी वर्षे गाडी हाकली, की यवतेश्वर घाटातलं प्रत्येक वळण त्यांना गिअरसकट पाठ आहे. सायकलवाल्यांच्या भाषेत सर्वांत शेवटी राहणाऱ्याला ‘स्वीपर’ म्हणतात. काकांना तो शब्द आवडत नाही. ते त्याला कंडक्टर म्हणतात. पुढं ड्रायव्हर, मागं कंडक्टर, आणि मधे पॅसेंजर. कंडक्टरनं डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा त्यांचा नोकरीतला नियम त्यांनी आमच्या सायकलींनाही लावला. दर पाच-सहा किलोमीटरवर सगळे थांबतात, मागचा येतो, घंटी दोनदा वाजवतो, मग पुढे.

चार वर्षे हा कंडक्टर मी होतो.

याला कारण माझा वेग हे एक, आणि दुसरं माझे अब्बा. सदर बझारात त्यांचं सायकलचं दुकान होतं. भाड्याच्या बारा सायकली, वहीत नाव आणि वेळ, आणि दारात पाण्याने भरलेला लोखंडी टप. शाळेतून आलं की दप्तर फेकून मी त्या टपाशी बसायचो. हवा भरलेली ट्यूब पाण्यात बुडवून फिरवायची, बुडबुडे आले की बोट तिथंच दाबून धरायचं. जागा काचपेपरने घासायची, सोल्युशन लावायचं. आता यातलं खरं काम असं, की सोल्युशन लावल्यावर लगेच ठिगळ चिकटवायचं नाही. ते थोडं सुकू द्यायचं. गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहून घाई करतं, पण सुकू द्यायचंच. नाही तर दोन गल्ल्या ओलांडेपर्यंत ठिगळ निघतं. आणि ट्यूब परत बसवण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवायचं. बाभळीचा काटा अजून तिथंच असतो. तो न काढता नुसती ट्यूब दुरुस्त करणारा कारागीर अब्बांच्या लेखी कारागीरच नव्हता.

मी शिक्षक झालो, दुकान बंद झालं, सायकल सुटली. २०२० च्या टाळेबंदीनंतर पुष्कळांनी सायकली बाहेर काढल्या, त्यांत मीही एक. वजन एक्क्याण्णव किलो होतं. दुकानातली एक घंटी तेवढी जपून ठेवली होती, ती नव्या सायकलला बसवली. पहिल्या रविवारी संगम माहुलीपर्यंत गेलो आणि परत येताना काकांना विचारलं, ‘‘अजून किती राहिलं?’’ काका म्हणाले, ‘‘सर, तिकीट काढलंय न्हवं? मग बसा गप.’’

वाचकांपैकी ज्यांनी कधी गटाने सायकल चालवली नसेल त्यांना वाटेल, की ही माणसं एकत्र निघून शर्यत लावत असतील. तसं होत नाही. गटात चालवण्याची गंमतच संथपणात आहे. सज्जनगडच्या पायथ्याला जायचं, मिसळ खायची, यायचं. लिंबला जाऊन बारा मोटेच्या विहिरीत डोकावायचं. पावसाळ्यात ठोसेघर. आमच्यातल्या एका बँकवाल्या साहेबांनी दोनशे किलोमीटरची ‘ब्रेव्हे’ पूर्ण केली, तर त्यांचा सत्कार आम्ही वडापाव चारून केला. हा ब्रेव्हे प्रकारही आमच्या स्वभावाचाच आहे. फ्रान्समधल्या क्लबाच्या नियमांनुसार तो जगभर चालतो. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत करायचे, तीनशे वीस तासांत, चारशे सत्तावीस तासांत, सहाशे चाळीस तासांत. पहिला-दुसरा क्रमांक काढत नाहीत. वेळेत आलेला प्रत्येक जण आला, एवढंच.

शर्यतीतही शेवटच्याला मान असतो, हे मला नंतर कळलं. १९०३ पासून चालत आलेल्या टूर द फ्रान्समध्ये सर्वांत शेवटी राहिलेल्या सायकलपटूला ‘लाल कंदील’ म्हणतात. रेल्वेच्या शेवटच्या डब्याला मागे लाल दिवा असायचा, त्यावरून. गाडी पूर्ण गेली, वाटेत एखादा डबा सुटून राहिलेला नाही, हे त्या दिव्यावरून कळे. काकांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. ‘‘म्हंजे कंडक्टरच की!’’

सायकलींनी मग धावण्याचंही वेड लावलं. सातारकरांना हिल मॅरेथॉनबद्दल मी काय सांगणार? २०१२ पासून ती होते, २०१५ साली एकाच डोंगरावर सर्वाधिक लोक धावल्याचा गिनेस विक्रम तिच्या नावावर लागला. एकवीस किलोमीटर. समर्थ मंदिराच्या पुढे चढ सुरू होतो तो यवतेश्वरच्या डोंगरावर नेतो, आणि वरून वळसा घालून तोच घाट उतरायचा. पहिल्या वर्षी आमच्या घरात या धावण्यापेक्षा चड्डीवर जास्त चर्चा झाली. पुरुषाने नमाजमध्ये बेंबीपासून गुडघ्यापर्यंत अंग झाकलेलं असावं लागतं. सायकलची गादीवाली चड्डी गुडघ्याच्या वर संपते, धावण्याची तर त्याहून वर. अम्मी म्हणाल्या, ‘‘या वयात पोरांसारखा चड्डी घालून राजवाड्यावरून पळणार? तुझे विद्यार्थी बघतील.’’ शेवटी गुडघ्याखाली येणारी पँट शोधून आणली. पहाटे घरी फजरची नमाज पढून निघालो. मैदानावर पोचलो तर तिथंही एका कोपऱ्यात चार-पाच पोरं, पुण्या-कोल्हापूरची असावीत, छातीवर नंबर लावलेली, टॉवेल अंथरून नमाजला उभी होती. त्यांच्या शेजारी दोघे जण सूर्यनमस्कार घालत होते. कुणाचं कुणाकडे लक्ष नव्हतं. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे घाट होता.

त्या दिवशी सारं शहर रस्त्यावर असतं. ढोल, लेझीम, संत्र्याच्या फोडी, मिठाच्या पुड्या, आणि हात पुढे करून उभी असलेली शाळकरी पोरं. उतरताना माझ्या मांड्यांत गोळे आले, तेव्हा माझ्याच वर्गातल्या एकाने ओरडून सांगितलं, ‘‘सर, चालू नका, सर, पळा!’’ वर्गात मी त्याला वर्षभर ‘पळू नको’ म्हणत होतो. राजवाड्याजवळ अम्मी बुरख्यात उभ्या होत्या, हातात सोललेलं संत्रं. मी दिसल्यावर त्यांनी आधी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग संत्रं दिलं.

इथवर सगळं छान आहे. आता जे सांगायचं ते तितकं छान नाही.

एकदा ग्रुपच्या व्हॉट्सॲपवर एक विनोद आला. पंक्चर आणि आमची जमात यांची सांगड घालणारे विनोद वाचकांनी पाहिले असतील. मी तो इथं लिहीत नाही. पाठवणाऱ्याने पुढे पाठवण्याच्या ओघात पाठवला असावा. खाली तीन हसरे चेहरे आले, मग एकदम शांतता. अर्ध्या तासाने काकांचा मेसेज : ‘रविवारी सहा वाजता. स्पेअर ट्यूब सोबत आणणे.’

मी काही बोललो नाही. काय बोलणार? अब्बा पंक्चर काढत होते, त्यावर आम्ही चार भावंडं शिकलो. मीही काढतो, आणि चांगली काढतो. त्या कामाची लाज मला आजही नाही. बोचलं ते वेगळंच. इतके दिवस मी आपखुशीने सगळ्यांच्या मागे राहत होतो, पंप आणि ठिगळं घेऊन. त्या दिवसापासून वाटू लागलं, की तिथं मला कुणी तरी ठेवलं आहे. जागा तीच, सायकल तीच. पण मागून पुढच्यांच्या पाठी बघताना मन पूर्वीसारखं राहिलं नाही.

त्या गृहस्थांची नंतर बदली झाली. जाण्याआधीच्या रविवारी त्यांनी माझ्याकडून पंक्चरचं किट मागून घेतलं आणि त्याचे पैसे देऊ लागले. साठ रुपये. मी घेतले.

गेल्या वर्षी पहिलाच रोजा रविवारी आला, २ मार्च २०२५ ला. मी आजारी नव्हतो, प्रवासात नव्हतो. रोजा सोडायचं काही कारण नव्हतं. राइड सोडायची, तर कारण सांगावं लागणार. आणि मला कारण सांगायचं नव्हतं. ‘सरांचा रोजा आहे, आज हळू चला’ असं कुणी म्हणावं, माझ्यासाठी काही वेगळं करावं, हे त्या विनोदानंतर मला नको होतं. मी आपला एक सायकलवाला, बस्स. सेहरीला दोन भाकऱ्या, दही, चार खजूर आणि जमेल तेवढं पाणी घेतलं, फजर पढलो आणि सहाला नाक्यावर हजर झालो.

त्या दिवशी कासला जायचं होतं. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर, आणि निम्मं चढाचं. जाताना काही जाणवलं नाही. पोटात सेहरी होती, हवा गार होती. वर चहाला सगळे थांबले तेव्हा मी ‘ॲसिडिटी झालीय’ म्हटलं आणि सायकलची चेन पुसत बसलो. रमजानमध्ये खोटं बोलू नये, हे शाळेत पोरांना मीच सांगतो.

व्यायामाचं हे गणित रोजा धरणाऱ्या प्रत्येक धावपटूला, सायकलवाल्याला ठाऊक असायला हवं. भूक फारशी आड येत नाही. शरीरात साठवलेली साखर आणि चरबी असते, तीवर बेताचा व्यायाम निभतो. आड येतं ते पाणी. चढावर तासाभरात लिटरभर घाम सहज जाऊ शकतो, आणि सकाळी गेलेलं पाणी संध्याकाळपर्यंत भरून काढता येत नाही. म्हणून जाणकार व्यायाम इफ्तारच्या आधीच्या तासाभरात ठेवतात, म्हणजे थकलं की लगेच पाणी समोर. नाही तर तरावीहच्या नमाजनंतर, रात्री. सेहरी करून लगेच घाट चढायला निघणं हा सगळ्यांत वाईट पर्याय. मला हे माहीत होतं. माहीत असूनही गेलो.

परतताना ऊन चढलं. पठारावरचे ते छोटे चढउतार, जे एरवी मजेचे वाटतात, ते संपेनात. पुढच्यांची पाठ आधी लहान झाली, मग दिसेनाशी झाली. घाट उतरू लागलो तर ब्रेकवरचे हात थरथरत होते. एका वळणावर सायकल कठड्याला टेकवली आणि खाली बसलो. डोळ्यांपुढे काळं-पांढरं होत होतं. खाली सातारा दिसत होतं, अजिंक्यतारा दिसत होता, खिशात फोन होता. फोन केला नाही.

सगळ्यांच्या मागे राहणाऱ्याच्या मागे कुणी नसतं, हे मला त्या कठड्यावर कळलं.

खाली समर्थ मंदिरापाशी सगळे थांबले होते. डबल बेल आली नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काकांनी बाकीच्यांना तिथंच उभं केलं आणि स्वतः वळले. त्यांच्याबरोबर आमच्यातल्या नर्स असलेल्या ताई. उतरलेला घाट दोघे परत चढून आले. मला पाहून ताईंनी आधी नाडी धरली, मग जीभ बाहेर काढायला सांगितली, मग विचारलं, ‘‘सर, सकाळपासून पाणी किती प्यालात?’’

‘‘रोजा आहे,’’ मी म्हणालो.

काका कठड्यावर बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘आम्हाला सांगितलं का न्हाई?’’

उत्तर माझ्याकडे होतं, पण ते लांबलचक होतं. मी म्हणालो, ‘‘उगीच तुमची अडचण.’’

‘‘अडचण?’’ काका चिडले. ‘‘एकादशीला मी साबुदाणा हाणून येतो तर सगळ्या ग्रुपला सांगत फिरतो, आज उपास हाय म्हणून. आन् तुम्ही पाणी सुदिक न पिता घाट चढता, आन् बोलत न्हाई? ब्रेक सुटला असता तर वहिनींना काय सांगायचं मी?’’

ताईंनी पाण्यात ओआरएसची पुडी मिसळली आणि बाटली माझ्या हातात दिली. पी म्हणाल्या नाहीत, की नको पिऊ म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘‘नाडी एकशे तीस आहे, सर. बसून. आणि अजून घाट उतरायचाय.’’

वर्षाच्या पहिल्या रोजाला सकाळी साडेनऊला मी पाणी प्यालो. बालपणी पहिला रोजा धरला तेव्हापासून असं कधी केलं नव्हतं. पाणी गोडसर, खारट होतं. घशाखाली उतरलं तेव्हा बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचंही वाईट वाटलं.

घरी अम्मींना सांगितलं. मला वाटलं, रोजा मोडला म्हणून बोलतील. त्या म्हणाल्या, ‘‘शरीर आपलं नसतं, ती अल्लाहची अमानत असते. ते असं घाटात टाकून देतात का?’’ आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मशिदीत मौलानांना विचारलं. जिवाला धोका वाटला म्हणून सोडलेल्या रोजाची कजा एक, म्हणजे रमजाननंतर त्याच्या बदल्यात एक रोजा धरायचा, असं त्यांनी सांगितलं. वर म्हणाले, ‘‘आणि सर, सायकल संध्याकाळी चालवा.’’ कजा मी जुलैत केली. बाहेर पाऊस कोसळत होता, तहान लागायचा प्रश्नच नव्हता. थोडी फसवणूक केल्यासारखं वाटलं.

त्या आठवड्यात ग्रुपवर काकांनी लिहिलं : ‘रमजान महिना. रविवार सकाळ नेहमीप्रमाणे. शनिवार-रविवार संध्याकाळी सव्वापाच, लिंबकडे सपाट रस्ता, ज्यांना जमेल त्यांनी.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असं काही झालं नाही. संध्याकाळी महामार्गाच्या बाजूच्या रस्त्यावर ट्रॅक्टर आणि उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या फार, अशी तक्रार आली, आणि ती खरी होती. काहींना रविवारची संध्याकाळ घरच्यांना द्यायची होती. बावीस जणांच्या गटातून पहिल्या शनिवारी आम्ही सात जण निघालो. मला काकांनी मधे घातलं. मागे कॉलेजातला एक मुलगा, पंप घेऊन. चार वर्षांत प्रथमच मला माझ्या मागून येणाऱ्या सायकलचा आवाज ऐकू आला. मागे कुणी असलं की पाठीला बरं वाटतं.

परतताना एका रसवंतीवर थांबायचं ठरलं. सूर्य मावळायला वेळ होता. माझ्याबरोबर बाकीचे सहाही रस न पिता बसून राहिले. मी म्हटलं, घ्या की. कुणी घेतला नाही. रसवंतीवाल्याला कळेना, की ही घामाघूम माणसं गुऱ्हाळासमोर बसून उसाकडे नुसती बघताहेत कशासाठी. अजान झाली, मी खजूर वाटले, त्याने घुंगरू लावलेलं चाक फिरवलं. काका दोन ग्लास पिऊन म्हणाले, ‘‘आसला उपास मला जमंल. तासाभराचा.’’

यंदा रमजान फेब्रुवारीच्या उत्तरार्धातच सुरू झाला. चांद्रवर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून तो दरवर्षी तेवढा अलीकडे येतो. २०१८ साली ऐन मे महिन्यात सुरू झालेला रोजा ज्यांनी धरला आहे, त्यांना फेब्रुवारीचा रोजा म्हणजे सुट्टी वाटेल. संध्याकाळच्या राइडला आता दहा-अकरा जण येतात. दोन नवी पोरं सदर बझारातली आहेत, रोजा धरून येतात, आणि निघण्याआधी काका आता दोन प्रश्न विचारतात. सगळ्यांच्या मागं कोण, आणि उपास कुणाकुणाचा. रोजा असो, चतुर्थी असो, हात वर करायचा. परवा एका बाईंनी वजनासाठी चाललेल्या उपासालाही हात वर केला.

दुसऱ्या रविवारी लिंबहून परतताना मागून शिट्टी आली. कंडक्टरचीच सायकल पंक्चर. पोराकडे पंप होता, किट होतं, पण हात थांबत नव्हते. सोल्युशन लावून लगेच ठिगळ दाबायला निघाला होता. मी म्हटलं, थांब, सुकू दे. त्याने भलतीच जागा घासली होती. पुन्हा भोक शोधायला टप नव्हता, तेव्हा माझी पाण्याची बाटली उघडली. इफ्तारला पंधरा मिनिटं होती. ते पाणी ट्यूबवर थेंब थेंब सोडलं. बुडबुडा आला. बोट दाबलं. मग टायरच्या आतून हात फिरवला, तर काटा होताच.

सोल्युशन सुकत असताना लिंबकडून अजान ऐकू आली. माझे दोन्ही हात काळे. पिशवीतले खजूर काढायचे कसे, असा विचार करतोय तोवर ताईंनी एक खजूर बी काढून पुढे धरला, आणि काकांनी त्यांची बाटली. पोरगं विचारत होतं, ‘‘सर, आता लावू?’’

‘‘अजून एक मिनिट,’’ मी म्हटलं.

मग ठिगळ बसलं, ट्यूब आत गेली, हवा भरली. पोराच्या सायकलला घंटी नाही. त्याने माझी दोनदा वाजवली.